स्मरणिकेत गोड लिहू की खरं लिहू?

पत्र

ताई, नमस्कार.

सातारा-सांगलीच्या शिवेवरचं आमचं तालुक्याचं गाव. इथल्या जुन्या तालमीचं काही वर्षांपूर्वी व्यायाममंदिर झालं. खालचा कुस्तीचा हौदा तसाच ठेवला, वर हॉल बांधला, मागे पत्र्याच्या शेडमध्ये मशिनं आली आणि ‘कुटुंब सभासदत्व’ सुरू झालं. एका पावतीवर आमच्या घरातली चौघं जातात. मी ४८ वर्षांची, दुपारच्या महिला बॅचला असते. मिस्टर सकाळी जातात, लेक दोरीच्या मल्लखांबाला. सासूबाई ७१ वर्षांच्या. गेल्या वर्षी मोरीत पडून त्यांचं मनगट मोडलं, तेव्हापासून त्या ज्येष्ठांच्या वर्गाला जातात. आता जेवायला पाटावर बसतात आणि कुणाचा हात न धरता उठतात. हे त्या जागेनं दिलं, ते मी विसरणार नाही.

यंदा संस्थेला ५० वर्षं होतायत. स्मरणिकेसाठी ‘सभासदांचे अनुभव’ मागवलेत. महिलांतर्फे मी लिहावं, असं कार्यवाहांनी सांगितलं. लिहायला बसले आणि अडले. महिलांची वेळ दुपारी २ ते ४, तीही पत्र्याखाली. एप्रिलात मशिनच्या दांड्याला हात लागत नाही. कपडे बदलायच्या खोलीत गणपतीची आरास भरलीय. स्वच्छतागृहाची किल्ली ऑफिसात, आणि ऑफिस ५ ला उघडतं. दर १ तारखेला वजन करतात आणि आकडा मोठ्यानं वाचून वहीत लिहितात. मागच्या महिन्यात माझा आकडा ऐकून वही लिहिणारे म्हणाले, ‘आता काटाच मोठा आणायला पाहिजे.’ सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन रडले. (नवीन ट्रेनर मुलगा कामाला चांगला आहे, पण पाठ सरळ करताना न विचारता हात लावतो. बारावीतली एक मुलगी त्यामुळं यायची बंद झाली असं कानावर आलं.)

मिस्टर म्हणतात, गोड लिही, गावात राहायचंय. सासूबाई म्हणतात, खरं लिही, पण माझं नाव घालू नको. ज्या गुरुजींनी हे उभं केलं ते ऐंशीच्या घरात आहेत, त्यांना काय वाटेल? कधी वाटतं, सोडून द्यावं. एसटी स्टँडजवळ नवीन एसी जिम निघालीय.

— एक सभासद

उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कंसातल्या दोन ओळींपाशी थांबले. तिथूनच सुरुवात करते. उन्हाचं, किल्लीचं, वजनाचं तुम्ही उघड लिहिलंत आणि त्या मुलीचं कंसात घातलंत. आपण बायका हे फार करतो. जे सगळ्यात जड असतं ते जाता जाता सांगून टाकतो, म्हणजे समोरच्यानं सोडून दिलं तरी आपल्याला लागायला नको.

हे स्मरणिकेत लिहायचं नाही, आणि स्मरणिका निघेपर्यंत थांबायचंही नाही. या आठवड्यात त्या मुलीला भेटा. तिच्या घरी चारचौघांत नको. तुमच्या लेकीला सोडायला-आणायला जाताना, नाहीतर तिच्या क्लासच्या वाटेवर भेटा. ‘यायची का थांबलीस गं?’ एवढंच विचारा आणि मग गप्प राहा. कदाचित बारावीचा अभ्यास असेल. कदाचित त्या मुलाला शिकवायची रीतच कुणी शिकवली नसेल. कदाचित याहून वाईट असेल. तिच्या तोंडून येऊ द्या, तिच्या तोंडात शब्द घालू नका. ‘कानावर आलं’ यावर कुणाला दोषीही धरायचं नाही आणि कुणाला सोडायचंही नाही.

याहून वाईट निघालं, तर गावकी-भावकीत मिटवायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. बारावीतली मुलगी म्हणजे बहुतेक १८ च्या आतली. तिच्याशी लैंगिक चाळे झाले असं तुमच्या लक्षात आलं, तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे. आईवडिलांनीच कळवावं असं नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथं फोन लावला तरी पुढचा रस्ता सांगतात. आणि १८ च्या वरच्या बायकांसाठी: कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा फक्त नोकरदार बायकांचा आहे असा समज आहे, पण खेळाच्या आणि प्रशिक्षणाच्या संस्थाही त्यात स्पष्ट लिहिलेल्या आहेत. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या तुमच्यासारख्या संस्थेची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. साधारण तीन महिन्यांच्या आत ती द्यावी लागते. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते.

आणि नुसता अडाणीपणा निघाला, तर तोही थांबला पाहिजे. पाठ सरळ आहे की नाही हे कळायला पाठीला हात लावावाच लागतो असं नाही. मला एका शिक्षिकेनं साधी काठी दिली होती. काठी पाठीवर उभी धरायची, एक हात मानेशी, एक कमरेशी. डोक्याची मागची बाजू, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही काठीला टेकलेली राहिली पाहिजेत. मग कमरेतून वाकायचं. पाठ गोल झाली की काठी सुटते, आपलं आपल्याला कळतं. ज्या तालमीत काठ्या-लाठ्यांना तोटा नाही तिथं हे एका दिवसात सुरू होईल. हात लावायचाच झाला तर आधी ‘लावू का?’ विचारायचं आणि ‘नको’ म्हटलं की थांबायचं. हा नियम कागदावर लिहून भिंतीवर लावायला सांगा. बायकांच्या वेळेला एक बाई शिक्षिका मागा.

आता तुमचा खरा प्रश्न. गोड लिहू की खरं लिहू? त्याआधी सोडून जायचं म्हणताय, त्यावर मला माझं सांगू द्या.

तिशीत मी एका तालुक्याच्या गावी नोकरीला होते. तिथल्या व्यायामशाळेत सकाळी ६ ला बायकांचा वर्ग निघाला. आम्ही अकरा जणी नाव घालून आलो. हॉलला रस्त्याकडून तीन मोठ्या खिडक्या होत्या आणि समोर पार होता. पहिल्या आठवड्यात पारावर दोघं बसायची, महिनाभरात सात-आठ. बघत बसायची, बाकी काही नाही. खिडक्यांना अर्धे पडदे लावले असते तरी भागलं असतं. पण ते सांगायचं कुणी? आम्ही एकमेकींत बोललो, वरती कुणीच बोललं नाही. एकीनं गुडघ्याचं कारण काढलं, एकीनं मुलाच्या परीक्षेचं. मी बदली होणार आहे असं सांगितलं, जी व्हायला अजून वर्ष होतं. श्रावणापर्यंत वर्ग रिकामा झाला. दोन वर्षांनी त्या संस्थेचा वार्षिक अहवाल हातात आला. त्यात एक ओळ होती: महिलांचा प्रतिसाद न मिळाल्याने महिला वर्ग बंद करण्यात आला.

ती ओळ मला आजही टोचते. लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलं नव्हतं. त्याच्या रजिस्टरात गैरहजेरी होती, खिडकी नव्हती. आम्ही अकरा जणी गप्प बसलो आणि आमच्यामागून येणाऱ्या बायकांसाठी ‘यांना टिकत नाही’ असा शेरा मागे ठेवून गेलो. म्हणून तुम्हाला सांगते, जायचं तर जा, पण कारण लिहून ठेवून जा. आणि मला विचाराल तर जाऊ नका.

एसी जिमला माझा विरोध नाही. तिथं मशिनं नवी असतील, स्वच्छतागृह उघडं असेल. पण तिथं तुम्ही गिऱ्हाईक. आवडलं नाही तर पैसे बंद करणं एवढंच तुमच्या हातात. शिवाय सासूबाईंना तिथं कोण पाटावरून उठायला शिकवणार, आणि लेकीचा दोर कुठं बांधणार? तुमच्या व्यायाममंदिरात एकाच आवारात घरातल्या तीन पिढ्या घाम गाळतायत. हे मोठ्या शहरात हजारो रुपये मोजून मिळत नाही.

आपल्याकडच्या तालमी लोकांच्या वर्गणीवर उभ्या राहिल्या. तुमच्याच भागातले गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जाऊन कुस्तीतलं ब्राँझपदक घेऊन आले. त्यांच्या प्रवासखर्चात गावकऱ्यांनी जमवलेले पैसे होते, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून उभे केलेलेही. जिथं पैसा असा लोकांचा असतो तिथं लोकांना विचारायचा हक्क असतो.

तो हक्क कागदावर तपासून घ्या. संस्थेची घटना मागा. अशा संस्था बहुधा १८६० च्या कायद्याखाली सोसायटी म्हणून आणि १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास म्हणून, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात, आणि सभासद कोण, मत कुणाला, हे घटनेत लिहिलेलं असतं. इथं एक गोम असते. महिन्याची फी भरणाऱ्याला सगळे ‘सभासद’ म्हणतात, पण सर्वसाधारण सभेत मत देणारा सभासद वेगळ्या यादीत असतो. कुटुंबाच्या पावतीवर बहुतेक वेळा मिस्टरांचं नाव सभासद म्हणून लागतं आणि बाकीची मंडळी ‘कुटुंबीय’ होतात. तुमच्या पावतीवर काय लिहिलंय ते आज संध्याकाळी काढून बघा. तुमचं नाव त्या यादीत नसेल तर अर्ज करून घाला. वेगळी वर्गणी पडली तरी भरा. तुमच्या बॅचमधल्या आणखी चार-पाच जणींनी घातलं, तर पुढच्या सभेत दुपारच्या वेळेचा विषय बायकाच मांडतील.

किल्ली, आरास, वेळ आणि वजन या चार गोष्टी कार्यवाहांच्या नावे पत्रात लिहा. एक पान पुरे. शक्य झालं तर बॅचमधल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. ज्यांना भीती वाटते त्यांना ओढू नका. पत्र हातात देऊन आपल्या प्रतीवर पोच घ्या. पोच मागितली म्हणून कुणी रुसत नाही, आणि रुसलं तर रुसू दे. प्रत्येक अडचणीपुढं काय हवं ते लिहा. किल्ली खिळ्याला अडकवून ठेवा, नाहीतर बॅचमधल्या एकीकडे एक किल्ली कायमची द्या. आरास कुठं हलवता येईल ते तुम्हीच शोधून सुचवा. हॉलच्या जिन्याखाली जागा असेल, नाहीतर मंडळाच्या एखाद्या कार्यकर्त्याचं गोडाऊन. पत्र्याखाली उकडतंय तर उन्हाळ्याचे तीन महिने तरी बायकांना सकाळी १० ते १२ वरचा हॉल द्या. तेव्हा पुरुष कामावर असतात, हॉल रिकामाच असेल. पैसे नाहीत असं उत्तर आलं तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात व्यायामशाळांसाठी अनुदानाची योजना असते, तिथं चौकशी केली का, असं नम्रपणे विचारा.

कुणी म्हणेल, बायकांना चांगली वेळ कशाला, त्यांना कुठं स्पर्धा खेळायच्यात? त्यांना सांगा, पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली आणि महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ साल उजाडलं. ती तुमच्या शेजारच्या सांगलीत झाली, आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. मधली बासष्ट वर्षं मुली खेळायला तयार नव्हत्या असं कुणी छातीवर हात ठेवून सांगावं. आणि स्पर्धा राहू द्या, तुमच्या बॅचमधल्या कुणीही पदक मिळवलं नाही तरी २ च्या उन्हात पत्र्याखाली उभं राहायचं काही कारण नाही.

वजनाचं मला जास्त लागलं. तुम्ही हसलात, कारण त्या क्षणी न हसणं म्हणजे आणखी उघडं पडणं होतं. मला ते ठाऊक आहे. ज्या माणसानं ते म्हटलं त्याला आठवतही नसेल. तुम्ही १ तारखेची आठवण झाली की आदल्या रात्री जेवत नसाल, हे मी न विचारता सांगू शकते. हे बंद करायला लावा. काट्याचं तोंड भिंतीकडे करा, ज्याचं त्याला दिसू दे, प्रत्येकीचं आपलं कार्ड असू दे. ज्यांना वजन करायचंच नाही त्यांनी करू नये.

शिवाय तो आकडा फार काही सांगतही नाही. सकाळ-संध्याकाळमध्ये त्यात किलो-दीड किलोचा फरक पडतो. ४८ व्या वर्षी, पाळी जायच्या सुमारास, हाडं आणि स्नायू उतरणीला लागतात आणि त्यांना धरून ठेवायला वजन उचलणं लागतं. त्यानं काटा कधी कधी तसूभरही हलत नाही, पण भरलेली कळशी चढवताना कळतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी सांगितलंय ते असं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं थोडा दम लागेल अशी हालचाल आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, ६५ च्या वरच्यांनी तोल सांभाळायचा सरावही आठवड्यातून तीन दिवस. वजन इतकं व्हावं, असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. आकडाच हवा असेल तर कमरेला टेप लावा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही सावधान व्हायची खूण धरतात. किंवा साधी खुर्ची घ्या. अर्ध्या मिनिटात हात छातीशी बांधून कितीदा उठता-बसता येतं ते मोजा, तीन महिन्यांनी परत मोजा. हा आकडा मोठ्यानं वाचला तरी कुणाला रडू येणार नाही.

आता स्मरणिका. गोड आणि खरं यातलं एक निवडायला तुम्हाला कोणी सांगितलं? तुमच्या पत्रातला सर्वांत गोड भाग तोच सर्वांत खरा आहे. मनगट मोडलेली बाई पाटावरून आपली आपण उठते, हे लिहा. पहिल्या दिवशी त्या कशा गेल्या, लुगडं होतं की पंजाबी ड्रेस, कुणाचा हात धरून पायरी चढल्या, पहिल्यांदा एकट्या उठल्या त्या दिवशी ताटात काय होतं, सगळं लिहा. ‘या संस्थेने आमच्या जीवनात आनंदाचे रंग भरले’ असलं काही लिहू नका. तशा मजकुरानं स्मरणिका भरलेल्या असतात आणि स्वतःचा फोटो बघून लोक पान उलटतात.

मग त्याच लेखात, त्याच आवाजात, पुढं लिहा: आम्ही बायका दुपारी २ ला येतो. एप्रिलात दांडा भाजतो, म्हणून आम्ही घरून ओली फडकी आणतो. कपडे बदलायच्या खोलीत मखर आहे, म्हणून आम्ही घरूनच तयार होऊन येतो. तरी आम्ही येतो. एवढंच लिहायचं, तक्रारीचा सूर लावायचा नाही. पन्नास वर्षांनी कुणी ती स्मरणिका उघडली, तर त्याला कळेल की या बायका किती हट्टानं येत होत्या. वजनाचा प्रसंग घालायचा की नाही हे तुमच्यावर. घातलात तर म्हणणाऱ्याचं नाव नको, आणि तो लेख आधी स्वतः मोठ्यानं वाचून बघा. आवाज फुटला तर अजून वेळ आहे असं समजा.

लेख द्यायच्या आधी कार्यकारिणीला पत्र गेलेलं असू द्या. समारंभाच्या पानावर आपली उणी बाजू पहिल्यांदा वाचायला मिळाली तर कुणालाही अपमान वाटतो. महिनाभर आधी पत्र मिळालं तर कदाचित स्मरणिका छापून येईपर्यंत किल्ली खिळ्याला लागलेली असेल, आणि मग लेखात तेही लिहिता येईल.

गुरुजींचं तुम्ही मनाला लावून घेताय. मी म्हणेन, त्यांच्याकडे आधी जा. मिस्टरांना घेऊन नको, सासूबाईंना घेऊन जा. त्यांच्या वयाच्या माणसानं लंगोट लावून हौद्यात उतरायचा काळ पाहिलाय. बायकांना कपडे बदलायला खोली लागते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नसेल. ज्यानं तालमीला हॉल जोडला, म्हाताऱ्यांचा वर्ग काढला, मुलींसाठी दोर टांगला, तो माणूस ऐकणारा असला पाहिजे. तुम्ही न सांगता निघून गेलात आणि कारण दुसऱ्याकडून कळलं, तर त्यांना जास्त लागेल.

मिस्टरांची भीती खोटी नाही. गावात राहायचंय, रोज तीच तोंडं बघायचीत. म्हणूनच एकटीच्या नावानं भांडू नका, बॅचच्या नावानं मागा, आणि मागताना संस्थेनं काय दिलं ते आधी म्हणा. त्यांना हेही सांगा, की सकाळच्या बॅचमधल्या पुरुषांपैकी दोघांनी जरी त्या पत्रावर सही केली तर काम निम्म्या वेळात होईल. पहिली सही त्यांचीच घ्या.

आणि सासूबाई. ‘माझं नाव घालू नको’ म्हणतात त्याचा मान ठेवा, ‘आमच्या सासूबाई’ एवढंच लिहा. पण लेख पुरा झाला की त्यांना वाचून दाखवा आणि पुन्हा एकदा विचारा. ७१ व्या वर्षी स्वतःबद्दल चांगलं लिहिलेलं ऐकून माणसाचं मन बदलू शकतं. नाहीच म्हणाल्या तर नाही.

लेख छापून आला की मला एक प्रत पाठवा. पण आधी त्या मुलीकडे जा.